नाका उघडा आहे का? वेस्ट बँकेतल्या कमाईचं गणित

प्रश्न : पॅलेस्टाइनमधल्या लष्करी नाक्यांबद्दल बातम्यांत वाचतो. आमच्या घरी ट्रकचा धंदा होता, जकात नाक्यावर गाडी रात्र रात्र उभी राहायची, त्यामुळे नाका म्हणजे काय ते आम्हांला चांगलं ठाऊक आहे. तिथल्या नाक्यांमुळे माणसाच्या रोजच्या कमाईवर नेमका काय परिणाम होतो? आणि आता आपल्याकडचे सेंट्रिंगवाले, फरशीवाले इस्रायलला जातात, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

उत्तर :

जकात नाक्याची आठवण काढलीत ते बरं झालं, फरक तिथूनच सांगता येतो. जकात नाक्यावर रात्र जायची, चिरीमिरी जायची, बोलणी खावी लागायची, पण एकदा पावती फाटली की गाडी आत. दर ठरलेला, कागद ठरलेले, आणि सकाळचा बाजार गाठता येईल की नाही याचा अंदाज मुरलेल्या ड्रायव्हरला घरातून निघतानाच असायचा. वेस्ट बँकेतल्या, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडच्या पॅलेस्टिनी प्रदेशातल्या, नाक्यावर नेमका हा अंदाजच नसतो. आज वीस मिनिटं, उद्या तीन तास, परवा बंद. का बंद, ते कोणी सांगत नाही. कधी उघडेल, तेही नाही.

मी आधी नाशिककडे भाजीपाल्याच्या बाजारसाखळीवर काम करायचे. पुढे काही वर्षं वेस्ट बँकेत शेतकरी, छोटे व्यापारी आणि रोजंदारीवरचे कामगार यांच्या कमाईच्या पाहण्या करणं हे माझं काम होतं. त्यातून माझं जे मत बनलं ते आधीच सांगून टाकते. रांगेत जाणारा वेळ दिसतो, म्हणून सगळे तोच मोजतात. खरा फटका बसतो तो उद्याचा भरवसा नसल्यामुळे. माणूस काय पिकवतो, किती माल भरतो, कुठली नोकरी नाकारतो, मुलीला कुठल्या कॉलेजात घालतो, हे सगळं त्या एका गोष्टीभोवती वाकत जातं.

आधी नकाशा समजून घ्या. वेस्ट बँक साधारण 5,650 चौरस किलोमीटरची, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या एक-तृतीयांशाहून थोडी मोठी. 1995 च्या दुसऱ्या ओस्लो करारात तिचे ए, बी आणि सी असे तीन भाग पडले. मोठी शहरं ए मध्ये, बरीच गावं बी मध्ये, आणि उरलेली सुमारे 60 टक्के जमीन सी मध्ये. सी भाग पूर्णपणे इस्रायली लष्कराच्या ताब्यात. ए आणि बी चे तुकडे विखुरलेले आहेत आणि त्यांच्या भोवतीचा सी सलग आहे. त्यामुळे नाब्लुसच्या माणसाला रामल्लाला जायचं झालं तरी मधे सी मधून जावंच लागतं.

बाहेरच्यांना वाटतं की नाके म्हणजे इस्रायलच्या हद्दीवरचे. तसे आहेतच. रामल्ला आणि जेरुसलेमच्या मधलं कलंदिया, बेथलहेमचं 300 नंबरचं, हेब्रॉनच्या पश्चिमेचं तारकुमिया, तुलकर्मजवळचं इर्ताह. पण बहुतेक अडथळे आत आहेत, एका पॅलेस्टिनी गावातून दुसऱ्या पॅलेस्टिनी गावाला जाणाऱ्या वाटेवर. संयुक्त राष्ट्रांचं ओचा हे मदतकार्याचा मेळ घालणारं कार्यालय त्यांची मोजणी करतं. 2023 मध्ये ती 645 होती, 2025 च्या सुरुवातीला 849 झाली. यातल्या प्रत्येक ठिकाणी सैनिक उभा असतो असं नाही. कुठे मातीचा ढिगारा, कुठे सिमेंटचे ठोकळे, कुठे खणलेला चर, कुठे गावाच्या तोंडाशी लोखंडी फाटक. रस्त्यात जीप आडवी लावून तासाभरासाठी उभा केलेला फिरता नाका या मोजणीत येत नाही, आणि ड्रायव्हर लोक सगळ्यात जास्त वैतागतात ते त्यालाच.

इस्रायलचं उत्तर सुरक्षेचं आहे. ते हवेतलं नाही. 2000 नंतरच्या दुसऱ्या इंतिफादात, म्हणजे पॅलेस्टिनी उठावात, बसमध्ये, हॉटेलांत आत्मघाती स्फोट होऊन शेकडो इस्रायली नागरिक मारले गेले. इस्रायलमध्ये शिरणाऱ्याची झडती घेणं या उत्तरात बसतं. दोन पॅलेस्टिनी गावांमधल्या फाटकाला ते पुरत नाही. तिथे बहुतेक वेळा प्रश्न असतो वसाहतींकडे, म्हणजे वेस्ट बँकेत वसवलेल्या इस्रायली वस्त्यांकडे, जाणारा रस्ता मोकळा ठेवण्याचा. नाके सैल केले की काय होतं, हेही एकदा दिसलेलं आहे. 2009 च्या सुमारास नाब्लुसच्या दक्षिणेचा हुवारा नाका ढिला केला, तेव्हा त्या शहराच्या बाजारात पुन्हा गिऱ्हाईक दिसू लागलं. त्याच काळातल्या आकडेवारीवर वर्ल्ड बँकेच्या अभ्यासकांनी हिशोब मांडला होता. नाका गावापासून एका मिनिटाच्या अंतरावर असला, तर तिथल्या माणसाची तासाची मजुरी सुमारे 6 टक्क्यांनी घटते आणि कामाचे दिवसही कमी होतात.

आता रस्त्यावर या. वेस्ट बँकेत प्रवास चालतो तो पिवळ्या, सात सीटच्या शेअर टॅक्सीनं. तिला सगळे ‘सर्वीस’ म्हणतात. गाडी भरली की सुटते, वेळापत्रक नाही. ड्रायव्हरची कमाई दिवसाच्या फेऱ्यांवर असते, त्यामुळे नाक्याचा पहिला हिशोब त्याच्या खिशात होतो. बेथलहेमहून रामल्लाला जायचं, तर जेरुसलेममधून सरळ रस्ता पंचवीस किलोमीटरच्या आतला आहे. हिरवं ओळखपत्र आणि हिरव्या-पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी असणाऱ्याला, म्हणजे वेस्ट बँकेतल्या पॅलेस्टिनी माणसाला, तो बंद. मग वादी नार नावाच्या दरीतून, उताराच्या आणि वळणांच्या रस्त्यानं जायचं. तिथे मधे ‘कंटेनर’ नावाचा नाका आहे. पूर्वी कोणीतरी तिथे जहाजाच्या कंटेनरमध्ये दुकान थाटलं होतं म्हणून हे नाव. तो एक नाका बंद झाला की वेस्ट बँकेचा दक्षिण भाग उरलेल्या भागापासून तुटतो. हेब्रॉनचा माल, बेथलहेमचे नोकरदार, दक्षिणेचे विद्यार्थी, सगळे त्या एका अरुंद जागेवर अवलंबून.

पहाटे उठल्यावर लोक आधी फोन उघडतात. टेलिग्रामवर रस्त्यांच्या बातम्यांचे ग्रुप आहेत. हजारो लोक तिथे सतत विचारत आणि सांगत असतात : हुवारा मोकळं का, कंटेनरला गर्दी आहे का, अतारा बंद की उघडं. लाल खूण, हिरवी खूण. पाहणीच्या कामात मला सगळ्यात भरवशाची माहिती इथून मिळाली, कुठल्याही सरकारी पत्रकातून नाही. आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर दिवसभर तो ग्रुप वाचायचा आणि त्यावरून ठरवायचा की दुपारची बैठक घ्यायची की उरकून परत फिरायचं. संध्याकाळी घरी पोहोचण्याची खात्री नसेल, तर दुपारी तीनची बैठक कोणीच घेत नाही. कामाचा दिवस दोन्ही बाजूंनी असा कापला जातो.

नोकरीच्या निवडीवरचा परिणाम याहून मोठा आहे, कारण तो कुठल्याच रांगेत उभा दिसत नाही. नाब्लुसजवळच्या खेड्यातल्या शिक्षिकेला रामल्लात चांगल्या पगाराची नोकरी मिळते. ती घेत नाही. अंतर पन्नासेक किलोमीटरचं, पण मूल शाळेतून येण्याच्या वेळेला घरी पोहोचेन असं तिला सांगता येत नाही. मग ती गावातच, कमी पगारावर, कधी शिक्षणाशी काही संबंध नसलेलं काम करते. असं मी इतक्या घरांत ऐकलं की पुढे प्रश्नावलीत ‘गेल्या वर्षात नाकारलेलं काम’ असा वेगळा रकानाच घातला. बायकांच्या उत्तरांत तो जास्त भरायचा. नाक्यावर पुरुष सैनिकांसमोर उभं राहणं, रात्री उशिरा अडकून पडणं, घरच्यांची काळजी, हे सगळं त्यात असतं. बिरझेत विद्यापीठातली बाहेरगावची मुलं-मुली खोल्या भाड्यानं घेऊन राहतात. ज्यांच्या घरून रोज जाऊन-येऊन शिकता आलं असतं, त्यांच्यावरही हा खर्च पडतो.

मालाचं गणित आणखी किचकट आहे. इस्रायलमध्ये किंवा इस्रायलच्या बंदरातून परदेशी माल पाठवायचा, तर पॅलेस्टिनी ट्रक सरळ जाऊ शकत नाही. ठरलेल्या व्यापारी फाटकावर, म्हणजे तारकुमिया, जेनीनकडचं जलमे, रामल्लाचं बैतुनिया अशा ठिकाणी, तो आपला माल उतरवतो. माल पॅलेटवर, ठरलेल्या उंचीइतकाच रचलेला असावा लागतो, कारण तो स्कॅनरखालून जातो. तपासून झाला की पलीकडे उभ्या असलेल्या पिवळ्या, म्हणजे इस्रायली, नंबरप्लेटच्या ट्रकमध्ये चढवायचा. गाडीला गाडी लावून हा जो अदलाबदल होतो, त्यात दोन गाड्यांचं भाडं, दोनदा हमाली आणि उन्हात गेलेला वेळ लागतो. हेब्रॉनचा दगड आणि संगमरवर हा तिथला मोठा उद्योग आहे. दगड तास-दोन तास थांबला तरी बिघडत नाही, पण काकडी बिघडते. जेनीन आणि जॉर्डन खोऱ्यातल्या काकडीचं, द्राक्षाचं, पालेभाजीचं काय होतं ते तुम्हाला ट्रकच्या धंद्यामुळे वेगळं सांगायला नको.

अंतर्गत बाजारात अदलाबदल नसते, पण भरवसाही नसतो. जॉर्डन खोऱ्यातून वर यायला हमरा आणि तयासीर हे दोन नाके महत्त्वाचे. ते अडले की खोऱ्यातल्या शेतकऱ्याचा माल नाब्लुसच्या सकाळच्या बाजारात पोहोचत नाही. दुपारी पोहोचलेल्या मालाला व्यापारी पडेल भाव देतो, कारण शेतकरी तो परत नेऊ शकत नाही हे त्याला माहीत असतं. पुढच्या हंगामात शेतकरी काय करतो? लवकर नासणारं पीक कमी करतो. मग उरतो खजूर किंवा आणखी काही टिकणारं, ज्याला वाट पाहता येते. खजुराला भांडवल लागतं, पाणी लागतं, आणि झाडं फळायला वर्षं जातात. छोट्या शेतकऱ्याकडे यातलं काहीच नसतं, म्हणून तो शेवटी वसाहतीच्या शेतात मजुरीला जातो. खोऱ्यातल्या वसाहतींच्या खजूरबागांत पॅलेस्टिनी बायकाही काम करतात, बहुधा दलालामार्फत, इस्रायलच्या किमान वेतनापेक्षा बऱ्याच कमी रोजावर.

व्यापारी काय करतो, तेही पाहा. दोन शहरांत दोन लहान गोदामं ठेवतो, म्हणजे एक बाजू बंद पडली तरी दुसरीकडे विक्री चालते. भाडं दुप्पट, नोकर दुप्पट. माल थोडा-थोडा मागवतो, कारण मोठा ट्रक अडकला तर सगळंच अडकतं. थोडा माल म्हणजे महाग माल. पुस्तकी भाषेत याला व्यवहारखर्च म्हणतात आणि अहवालात त्याची एक ओळ होते. दुकानात तोच खर्च डाळीच्या आणि साबणाच्या किमतीत बसलेला असतो आणि गिऱ्हाइकाला तो वेगळा दिसतही नाही.

ऑलिव्हबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे फाटकांचा परिणाम सगळ्यात उघड दिसतो. ऑलिव्हच्या उत्पन्नावर, पूर्ण किंवा थोडंफार, अवलंबून असलेली कुटुंबं 80 हजार ते 1 लाख धरली जातात. काढणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पहिला पाऊस होऊन फळावरची धूळ धुऊन गेली की. घरातली सगळी माणसं झाडाखाली, ताडपत्री पसरून. शहरात नोकरी करणारेही रजा काढून येतात. काढलेलं फळ लवकरात लवकर घाण्यावर न्यावं लागतं. पोत्यात पडून राहिलं की तेलाची आम्लता वाढते आणि प्रत उतरते. तेल डब्यांत भरून वर्षभर घरी पुरवायचं आणि उरलेलं विकायचं. मुलांची फी, लग्न, आजारपण, सगळं त्या डब्यांच्या भरवशावर.

2002 पासून इस्रायलनं जी भिंत आणि कुंपण उभारलं, त्याचा नियोजित मार्ग सुमारे 712 किलोमीटरचा आहे आणि त्यातला 85 टक्के भाग 1949 च्या युद्धबंदी रेषेवर नसून वेस्ट बँकेच्या आतून जातो. जुलै 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं आपल्या सल्लामतात त्या मार्गाला बेकायदा ठरवलं. भिंत पुढे होतच राहिली. तिच्या आणि त्या रेषेच्या मधे अडकलेली शेतजमीन म्हणजे शिवणीतला पट्टा. कलकिल्याजवळच्या जय्यूससारख्या गावात घर इकडे आणि शेत तिकडे अशी अनेकांची अवस्था आहे.

शेतात जायला कुंपणात फाटकं ठेवली आहेत. काही रोज उघडतात, काही आठवड्यातून काही दिवस, आणि बरीचशी फक्त काढणीच्या हंगामात. रोजची फाटकंही दिवसभर उघडी नसतात. सकाळी थोडा वेळ, दुपारी थोडा, संध्याकाळी थोडा. वेळ चुकली तर पुढच्या वेळेपर्यंत तिथेच थांबा. आत जायला परवाना लागतो आणि तो मिळवायला जमीन तुमचीच आहे हे दाखवावं लागतं. इथे खरी गोम आहे. सात-बारा आजोबांच्या नावावर आणि वारस वीस, ही भानगड आपल्याकडेही आहे. तिथे ती परवान्याच्या खिडकीवर अडवते. वाटणी न झालेल्या जमिनीत एकाच्या वाट्याला इतकी कमी जागा दाखवली जाते की ‘शेतीला पुरेशी नाही’ म्हणून अर्ज फेटाळला जातो. ज्या म्हाताऱ्याच्या नावावर जमीन आहे त्याला परवाना मिळतो, झाडावर चढू शकणाऱ्या नातवाला मिळत नाही. ट्रॅक्टरला वेगळी परवानगी. मजूर न्यायचे तर आणखी वेगळी.

हंगामातच फाटक उघडणार असेल, तर बाकी वर्षभराची मशागत राहते. नांगरट नाही, छाटणी नाही, तण काढणं नाही. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला आग लागली तर विझवायला कोणी आत जाऊ शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पाहण्यांत भिंतीपलीकडच्या झाडांचं उत्पन्न अलीकडच्या तशाच झाडांपेक्षा सुमारे 60 टक्क्यांनी कमी आढळलं. पेरूच्या बागा, हरितगृहातली काकडी-टोमॅटो, रोज हात लावावा लागतो अशी पिकं त्या पट्ट्यातून हटत गेली आणि दुर्लक्ष सहन करणारी उरली. आणि जमीन पडीक ठेवायचीही भीती. 1858 च्या ऑटोमन जमीन कायद्याचा आधार घेऊन न कसलेली जमीन सरकारी ठरवली जाते. त्यामुळे तोट्यातली झाडंही लोक सोडत नाहीत. एका हंगामाचा हिशोब मांडला तर हे वेडेपणाचं वाटतं, पण जमीन हातात ठेवण्याचा हिशोब वेगळा असतो. आमच्या एका अहवालात ‘शेतकरी आर्थिकदृष्ट्या अविवेकी वागतात’ असं वाक्य एका सल्लागारानं घातलं होतं. ते मी भांडून काढायला लावलं. ऑक्टोबर 2023 मध्ये हमासनं इस्रायलवर हल्ला केल्यानंतर यातली बहुतेक फाटकं बंदच राहिली, आणि त्या वर्षीचं पीक पुष्कळांनी कुंपणापलीकडे झाडावरच सोडलं.

आता मजुरांकडे येते. ऑक्टोबर 2023 च्या आधी वेस्ट बँकेतले दीड लाखाहून जास्त लोक इस्रायलमध्ये आणि वसाहतींत कामाला जायचे, काही परवान्यावर, काही कुंपणाच्या भगदाडातून. तिथला सरासरी रोज वेस्ट बँकेतल्या रोजाच्या दुपटीहून जास्त होता. त्यामुळे पदवीधर मुलगाही सेंट्रिंगच्या कामाला जायचा. एकट्या मजुराच्या कमाईवर गावातला किराणा, शिंपी, गाडीवाला, घर बांधणारा, सगळे चालायचे.

बेथलहेमच्या 300 नंबरच्या नाक्यावर पहाटे तीनपासून रांग लागायची. लोखंडी गजांचा लांब पिंजरा, पुढे फिरतं दार, मग सामानाचं स्कॅनर, मग कार्ड आणि बोटांचे ठसे. काम सातला सुरू, पण गाडी पलीकडे साडेपाचला सुटणार. ती चुकली की रोज गेला. म्हणून पोरं गजांवरून चढून पुढे घुसायची, त्यावरून भांडणं व्हायची आणि म्हातारी माणसं चेंगरायची. फज्रचा नमाज रांगेच्या कडेला पुठ्ठ्यावर. 2019 मध्ये तिथे आणि कलंदियाला नवी यंत्रं बसली आणि रांग बरीच वेगानं सरकू लागली, हेही सांगायला हवं. म्हणजे इच्छा असली की वेळ कमी करता येतो. परवान्याचं मात्र तसंच राहिलं.

परवाना मालकाशी बांधलेला. मालक बदलायचा तर परवाना गेला. यातून दलालीचा बाजार उभा राहिला. कागदावर एक मालक, प्रत्यक्षात काम दुसऱ्याकडे, आणि मधल्या माणसाला महिन्याला 2,000 ते 2,500 शेकेल (इस्रायलचं चलन). कामगाराच्या महिन्याच्या कमाईतला मोठा घास तिथेच जायचा, आजारी पडून कामावर गेला नाही तरी दलालाचे पैसे थांबत नसत. 2020 च्या अखेरीला बांधकामासाठी नियम बदलले आणि कामगाराला मालक बदलता येईल असं ठरलं. दलाल त्यानंतरही टिकले. त्यात ‘सुरक्षा-बंदी’ नावाची टांगती तलवार : एके दिवशी कार्ड लावलं की दिवा लाल. कारण सांगितलं जात नाही. भावाला अटक झाली असेल, गावात काही घडलं असेल, किंवा नुसतं नाव सारखं असेल. मग वकील, अर्ज आणि महिनोन् महिने वाट. अशा प्रकरणांत इस्रायली बायकांच्या माखसोम वॉच या गटानं पुष्कळांना मदत केली. 2001 पासून त्या नाक्यांवर उभ्या राहून नोंदी ठेवत आल्या आहेत. हे काम तिथल्या कामगारांच्या तोंडून मी कौतुकानं ऐकलं आहे.

नाक्यावर आणखी एक बाजार असतो, आणि तो माझ्या खास आवडीचा विषय. जिथे माणसं थांबतात तिथे विक्रेता येतो. कलंदियाला तीळ लावलेली काअकची लांबट पावं, उकडलेली अंडी, वेलदोड्याची कॉफी, सिगारेट, फोनचे चार्जर, पावसाळ्यात छत्र्या, गाड्यांच्या रांगेत पाण्याच्या बाटल्या विकणारी पोरं. दुसऱ्या इंतिफादात रामल्ला आणि बिरझेतच्या मधला सुर्दा रस्ता तोडला होता, तेव्हा लोक मधलं अंतर चालत जायचे आणि घोडागाड्या, हातगाड्या धरून हमाल उभे असायचे. म्हातारीला बसवून न्यायचं, सिमेंटच्या गोणी न्यायच्या, कधी फ्रिज. रस्ता उघडला आणि त्यांचा धंदा बुडाला. हुवाऱ्यालाही तसंच झालं. या लोकांबद्दल कोणी वाईट बोललं की ‘नाक्यावर पोट भरतात’ म्हणतं. मला ते पटत नाही. यातले बरेचसे आधी मजूर होते आणि परवाना गेल्यावर ज्या रांगेत उभे असत तिथेच थर्मास घेऊन बसले.

मदतकार्याच्या दृष्टीनं सांगायचं तर हीच माणसं यादीतून सुटतात. परवाना रद्द झालेला मजूर ‘बेरोजगार’ म्हणून नोंदला जातो. त्याला पहाटे चारला कॉफी विकणारा, त्याला नाक्यापर्यंत आणणारा सर्वीसवाला, त्याचा डबा बनवून विकणारी बाई, यांची नोंद कुठेच नसते. रांग संपली की यांची कमाई त्याच दिवशी शून्य होते.

आजारी माणसाबद्दल थोडक्यात. मोठे उपचार, विशेषतः कर्करोगाचे, पूर्व जेरुसलेमच्या रुग्णालयांत होतात. वेस्ट बँकेची ॲम्ब्युलन्स सहसा आत जाऊ दिली जात नाही. नाक्यावर रुग्णाला एका स्ट्रेचरवरून दुसऱ्या ॲम्ब्युलन्सच्या स्ट्रेचरवर घेतलं जातं, काकडीसारखंच. कमाईच्या हिशोबात हे धरायचं कारण असं की सोबत जाणाऱ्या नातेवाइकालाही परवाना लागतो, आणि तो बहुतेक वेळा घरातल्या तरुण कमावत्या माणसाला मिळत नाही, आजीला मिळतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हो, संबंध आहे, आणि थेट आहे. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासनं हल्ला केला आणि त्यानंतर वेस्ट बँकेतल्या कामगारांचे परवाने जवळजवळ सगळे थांबवले गेले. नंतर काही हजारांना, मुख्यतः वसाहतींत आणि अत्यावश्यक कामांसाठी, परत घेतलं. इस्रायलची बांधकामं ठप्प झाली, कारण सेंट्रिंग, सळई बांधणं, गिलावा आणि फरशी ही ओली कामं पॅलेस्टिनी हातांवर चालत होती. भारतातल्या भरतीच्या जाहिरातींत नेमके हेच चार प्रकार होते. जानेवारी 2024 मध्ये हरियाणात रोहतकला आणि उत्तर प्रदेशात लखनौला परीक्षा झाल्या, महिना सुमारे 1 लाख 37 हजार रुपयांचा आकडा सांगितला गेला, आणि त्याच वर्षी पुढची फेरी महाराष्ट्रात घेतली गेली. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवा. 42,000 भारतीय कामगारांचा समझोता मे 2023 चा, म्हणजे युद्धाआधीचा आहे. इस्रायल पॅलेस्टिनी मजुरांवरचं अवलंबन कमी करण्याचा विचार 1990 च्या दशकापासून करत आलं आहे. त्या वेळी रुमानिया, चीन, थायलंडमधून माणसं आणली होती. युद्धानं तो वेग वाढवला.

आपल्याकडून जाणाऱ्या कामगाराला यात दोष देण्यासारखं काही नाही. रोहतकच्या रांगेतला माणूसही बेकारीमुळेच तिथे उभा होता. त्याला जाऊन काय दिसणार, एवढं सांगते. ज्या मुकादमाच्या हाताखाली तो काम करेल तो पुष्कळदा इस्रायलचा अरब नागरिक असेल, आणि आधीची पॅलेस्टिनी टोळी अर्धवट सोडून गेलेलं काम त्याच्या वाट्याला येईल. ती टोळी रोज संध्याकाळी किंवा आठवड्यानं घरी परतायची. याला साइटजवळच्या खोलीत राहावं लागेल.

ती माणसं सध्या काय करतात? 2024 मध्ये वेस्ट बँकेतली बेकारी एक-तृतीयांशाच्या आसपास गेली. बायकोचं सोनं विकून झालं, गाडी विकून झाली. गावोगाव रस्त्याच्या कडेला कॉफीच्या टपऱ्या इतक्या झाल्या की त्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. सरकारी नोकरांनाही पूर्ण पगार मिळत नाही, कारण पॅलेस्टिनी प्राधिकरणाचा, म्हणजे तिथल्या स्थानिक सरकारचा, जो कर इस्रायल गोळा करतं त्यातला मोठा भाग रोखलेला आहे. काही जण जेरुसलेमच्या उत्तरेला अर-रामजवळ शिडी आणि दोरानं भिंत चढून पलीकडे कामाला जातात. त्यात माणसं पडून मोडली आहेत, गोळी लागून मेलीही आहेत. चढवून देणारा त्याचे पैसे वेगळे घेतो.

यापुढे ‘इतके हजार परवाने पुन्हा दिले’ अशी बातमी आली, तर तिच्यात तीन गोष्टी शोधा. परवाना इस्रायलमधल्या कामाचा की वसाहतीतल्या. मुक्कामाची परवानगी आहे की रोज परत यायचं. आणि कामगाराच्या गावाच्या तोंडाशी जे फाटक बसलं आहे ते पहाटे तीनला उघडं असतं का. हेब्रॉनच्या दक्षिणेच्या खेड्यातल्या माणसाला परवाना मिळाला आणि गावाचं फाटक सहाला उघडत असेल, तर तारकुमियाची गाडी त्याच्याशिवाय निघून गेलेली असते.